सौम्य नावाचा पर्याय

"डॅश कुठून घेतला?" हा माझा दिवसातला पहिला प्रश्न.

समोरचा हळूच म्हणतो, "मॅडम, मेसेजमधून कॉपी केला."

झालं! मेसेजमध्ये दोन छोट्या आडव्या रेघा टाकल्या की फोन स्वतःचं शहाणपण लावून त्यांची एक लांब रेघ करतो. दिसायला सारखंच दिसतं, पण कंपायलर म्हणतो, 'पर्याय ओळखता आला नाही', आणि माणसाला वाटतं यंत्र बिघडलं. मी सांगते, ती रेघ पुसा आणि हातानं दोनदा टाइप करा. तो करतो, काम होतं, आणि आभाराचा एक शब्द न बोलता फोन ठेवून देतो.

मी पद्मजा बिरनाळे, सत्तावन्न वर्षांची, सांगलीत विश्रामबागेत राहते. एका कंपायलर बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षात घरी बसून काम करते. सोप्या तक्रारी यंत्रच निस्तरतं. यंत्रानं हात टेकले की ती तक्रार माणसाकडे येते, म्हणजे माझ्याकडे. त्यामुळं माझ्या वाट्याला दिवसभर यंत्राशी भांडून आलेली, आधीच तापलेली माणसं येतात. तापलेल्या माणसांची मला सवय आहे, पण सवय असली म्हणून दमायला होत नाही असं नाही.

कंपायलर म्हणजे काय, हे मी माझ्या जावेला एकदा असं सांगितलं होतं. माणसाला वाचता येईल असा प्रोग्राम लिहिलेला असतो, तो चिपला समजेल अशा आकड्यांत उतरवून देतो तो कंपायलर. शिंप्याकडं कापड टाकताना आपण सांगतो ना, गळा मोठा ठेवा, बाही आखूड करा? तसं कंपायलरला आज्ञा देताना पुढं पर्याय लिहायचे. शिंप्याला आपलं सांगणं कळलं नाही तर चांगला शिंपी परत विचारतो. दुसऱ्या तऱ्हेचा शिंपी नुसती मान डोलावतो आणि त्याला येतं तसं शिवून देतो.

आता कुणी म्हणेल, या जमान्यात आज्ञा हातानं कोण टाइप करतं? पण शरीराला जोडलेल्या यंत्रांसाठी कायदाच आहे. हृदयाचं यंत्र असो, साखरेचा पंप असो की मुक्याला बोलतं करणारा गळपट्टा, शेवटची आज्ञा माणसानंच लिहायची आणि खाली माणसानंच सही करायची. उद्या काही झालं तर धरायला कुणीतरी पाहिजे.

आमच्या घरातही एक गळपट्टा आहे.

माझे मिस्टर सुकुमार बिरनाळे यांचं भागीदारीत हळदीचं दुकान होतं, आणि सौद्यात, म्हणजे लिलावात, पुकारा तेच करायचे. त्यांचा आवाज ऐकायला बाहेरगावचे व्यापारी पुढं येऊन उभे राहायचे. आईबापानं नाव ठेवलं सुकुमार, आणि जीभ अशी की ऐकणाऱ्यानं कान धुवावेत. तीही फक्त घरात. बाजारात एका व्यापाऱ्याला कधी वाकडा शब्द नाही, 'या शेठ, बसा शेठ' चाललेलं. उंबरठ्याच्या आत पाऊल पडलं की सुरू. आमटीत मीठ कमी, सुरू. पंखा चालू राहिला, सुरू. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असले तरी मागून सुरूच. एवढं शिकूनसवरून मी ते ऐकून घेत राहिले, आणि त्याचा मला अजून राग येतो.

आमच्या लेकीच्या, सन्मतीच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले होते तेव्हा तिच्या हातून चहाचा ट्रे कलला. चहा गालिच्यावर सांडला. तेवढ्यावरून हे तिला पाहुण्यांसमोर जे बोलले, ते मी कागदावर लिहिणार नाही. पोरगी पुढच्या महिन्यात त्याच मुलाशी कोर्टात लग्न करून पुण्याला गेली, आणि दोन वर्षं आमच्या घराची पायरी चढली नाही.

मग चार वर्षांपूर्वी यांच्या घशात गाठ निघाली. सिगारेटी काय कमी ओढल्या होत्या! मिरजेच्या दवाखान्यात स्वरयंत्रच काढून टाकलं आणि श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं. पुकारा करणाऱ्या माणसाच्या तोंडातून नुसती हवासुद्धा येईना.

तिथं त्यांना गळपट्टा मिळाला. स्वरयंत्र गेलं तरी मेंदू बोलायचा हुकूम सोडत राहतो. हनुवटीखालचे, जबड्याचे, जिभेचे स्नायू तो हुकूम पाळतात. त्यांच्यात उठणारी बारीकशी वीज गळ्याभोवतीचा पट्टा कातडीवरून वाचतो, त्यातले शब्द ओळखतो आणि छोट्या स्पीकरमधून त्याच माणसाच्या आवाजात बोलतो. आवाज घडवायला जुनं रेकॉर्डिंग लागतं. यांचं रेकॉर्डिंग फक्त सौद्यातलं. त्यामुळं हे आता 'पाणी दे' म्हणाले तरी शेवट असा चढतो की वाटतं पुढं कुणीतरी बोली लावणार.

पट्टा देताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून आणखी एक गोष्ट सांगितली होती. राग आला की जबडा आवळतो, शब्दांची चाल बदलते. प्रोग्राम ते ओळखू शकतो, आणि शिवी आवाजात उतरायच्या आत गाळून टाकू शकतो. त्यासाठी कंपायलरला 'सौम्य' नावाचा एक पर्याय द्यायचा. 'सौम्य' म्हणजे एकपासून पाचपर्यंत आकडा, जेवढा मोठा तेवढी बारीक चाळण. आमच्याकडं तीन घातला. यांनी मान हलवून होकार दिला. दुसरं काय करणार, तोंडातून शब्दच नव्हता.

आणि खरंच, त्या दिवसापासून घर शांत झालं. राग आला की हे क्षणभर थांबायचे, डोळे मोठे व्हायचे, मला वाटायचं चाळण चालू आहे, आणि मग पट्ट्यातून यायचं, "राहू दे पद्मा, होतं असं." मी मनात म्हणायची, बरंय बाई, पर्याय घातलाय. पाहुण्यांसमोरही म्हणायची. "सगळी पट्ट्याची कृपा!" हे शेजारी बसलेले असायचे आणि सगळे हसायचे.

सन्मती हळूहळू येऊ लागली. आधी तासाभरासाठी, मग जेवायला, गेल्या दिवाळीत एक रात्र राहिली. आणि आता पहिलं बाळंतपण. रीतीप्रमाणं माहेरी. रविवारी येणार होती.

त्याच आठवड्यात सरकारचा नवा नियम आला. सगळ्या गळपट्ट्यांचे प्रोग्राम नव्या कंपायलरवर पुन्हा बांधायचे. जुना प्रोग्राम शनिवारनंतर बंद पडणार. दवाखान्यात रांग लागलेली, म्हणून मी त्यांच्याकडून फाइल मागून घेतली. म्हटलं, आयुष्यभर लोकांची हीच कामं केली, घरचं एक करायला काय जातंय?

गुरुवारी दुपारी जेवणं आटपून डायनिंग टेबलावर बसले, दवाखान्यानं दिलेली आज्ञेची ओळ जशीच्या तशी टाकली आणि एंटर दाबलं.

'सौम्य: हा पर्याय ओळखता आला नाही. काम थांबवले.'

मला हसूच आलं. डॅश पाहिला, बरोबर होता, तरी हातानं परत टाकला. तेच. भलताच कंपायलर चालत नाही ना म्हणून आवृत्ती पाहिली, नवीच होती. पर्याय फाइलच्या नावाच्या मागं गेलाय का पाहिलं, पुढंच होता. कंपायलरलाच विचारलं, बाबा, तुला कोणकोणते पर्याय कळतात ते दाखव. लांबलचक यादी आली. तीत 'सौम्य' नाही, त्याच्या आसपासचं काहीही नाही. शेवटी तो पर्याय काढून चालवलं, तर दोन मिनिटांत प्रोग्राम तयार!

तयार झाला, पण चाळणीशिवाय. तो पट्ट्यात घालायची माझी छाती होईना.

"काय झालंय गं?" हे दारात उभे. "तोंड का असं?"

"काही नाही. कामाचं आहे."

"चहा टाकू?" म्हणाले, आणि टाकलाही. मी त्या पाठमोऱ्या माणसाकडं बघत बसले. शनिवारनंतर याच माणसाच्या गळ्यातून काय बाहेर पडेल, कुणास ठाऊक.

संध्याकाळी सन्मतीचा फोन आला. डबे, औषधं, जावई कधी येणार, सगळं बोलून झालं. मग आवाज उतरला. "आई, ते नवीन नियमाचं वाचलं मी. बाबांच्या पट्ट्यात ते असणार ना? ते सौम्य?"

"बघतेय मी."

"बघतेय म्हणजे? हे बघ, इथं दवाखान्यात माझं नाव आहे अजून. नसेल तर सांग, मी येत नाही. माझ्या बाळाच्या कानावर पहिल्या दिवशी ते नको. मी नाही ऐकून घेणार आता."

"अगं, होईल. माझं कामच आहे ते," मी म्हणाले. फोन ठेवला आणि ती पर्यायांची यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

शुक्रवारी सकाळी मिरजेच्या दवाखान्यात पट्ट्यांचं काम बघणाऱ्या जावेद मुजावरांना गाठलं. बिचारा भला माणूस, पण आवाजावरून कळत होतं, चार दिवस झोपला नसावा.

"काढून टाका मॅडम तो पर्याय. कालपासून सगळ्यांचा काढतोय. प्रोग्राम बांधून होतोय की."

"अहो, पण मग शिव्या?"

"अजून तरी कुणाची तक्रार नाही."

माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. "एकाचीही नाही? मुजावर, ही ओळ आली कुठून मुळात?"

"आमच्या आधी जे साहेब होते त्यांनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून फाइल आणलेली. तिथं त्यांचा स्वतःचा कंपायलर होता म्हणे, घरी बनवलेला. आम्ही पेशंटचं नाव आणि नंबर तेवढा बदलतो. चालतंय ना मॅडम, मग हात कशाला लावायचा?"

हे वाक्य मी रोज ऐकते. आमच्या धंद्यात फाइल अशीच एकाकडून दुसऱ्याकडं जाते, ओळीतला कुठला शब्द काय करतो हे कुणाला माहीत नसतं, आणि काढायचं धाडस कुणी करत नाही.

"एकदा एका पैलवानाच्या घरून तक्रार आली होती," मुजावर पुढं म्हणाले, "की फरक नाही. त्याचं तीनचं पाच करून दिलं. मग म्हणाले, आता पडला."

मी फोन ठेवला आणि जुना कंपायलर उघडला. त्यातही कडक तपासणीचा एक पर्याय होता, पण वेळ फार खातो म्हणून कुणी वापरत नसे. तो लावून चार वर्षांपूर्वीचीच ओळ चालवली. दहा-बारा मिनिटं घेतली त्यानं. मग उत्तर आलं. 'सौम्य: हा पर्याय ओळखता आला नाही. दुर्लक्ष करून पुढे गेलो.'

तरी खात्री करावी म्हणून जुन्याच कंपायलरवर तोच प्रोग्राम दोनदा बांधला, एकदा 'सौम्य'सह, एकदा त्याच्याशिवाय, आणि दोन्ही शेजारी ठेवून जुळवले. एका आकड्याचाही फरक नाही.

प्रयोगशाळेतल्या कंपायलरला 'सौम्य' कळत होतं, बाजारातल्या कंपायलरला ते कुणी शिकवलंच नव्हतं. जुना कंपायलर मान डोलावणारा शिंपी होता. नवा परत विचारणारा निघाला, एवढंच. आमच्या घरातल्या पट्ट्यात चाळण नव्हती. एक दिवससुद्धा नव्हती.

माझ्या डोळ्यांपुढून चार वर्षं जात होती. माझ्या हातून उकळती आमटी यांच्या पायावर सांडली होती, तेव्हा क्षणभर थांबून म्हणाले होते, "तुला भाजलं नाही ना?" भागीदारानं दुकान स्वतःच्या नावावर करून घेतलं, तेव्हा हे उठून गच्चीवर गेले होते आणि झाडांना पाणी घालून खाली आले होते. तेव्हा मी जावेला फोनवर सांगत होते, पट्टा नसता तर आज घर डोक्यावर घेतलं असतं. तो क्षणभराचा थांबा यंत्राचा नव्हता. तो माणूस होता, आणि मी त्याला एकदाही म्हटलं नव्हतं की अहो, तुम्ही बदललात.

मी गच्चीवर गेले. हे माळ्यावरचा पाळणा काढून त्याच्या पितळी साखळ्या चिंचेनं घासत बसले होते.

"अहो, एक सांगायचंय."

"सांग कीऽ."

"पट्ट्यात ते सौम्य कधी नव्हतंच. पहिल्या दिवसापासून."

हात थांबला नाही. "माहिताय."

"माहिताय म्हणजे?"

"दवाखान्यातनं आलो त्या आठवड्यात न्हाणीत पाय घसरला. गुडघा नळावर आपटला. तोंडातनं जायचं ते गेलं. खणखणीत! सौद्यात पुकारल्यासारखं." हे हसले. पट्ट्यातून हसू येत नाही, गळ्याच्या भोकातून नुसती फसफस येते. "तू मिक्सर लावला होतास."

"आणि मला सांगितलं नाहीत? चार वर्षं?"

"काय सांगू? डॉक्टरनं तुला सांगितलेलं, आता हे शिव्या देऊ शकत नाहीत. त्या दिवशी तू माझ्याशेजारी येऊन बसलीस. निवांत. लग्नानंतर पहिल्यांदा तुझे खांदे खाली आलेले बघितले मी." साखळी उलटी करून पुन्हा घासायला लागले. "माझ्या भरवशावर बसली असतीस? नसतीस. पट्ट्याच्या भरवशावर बसलीस. म्हटलं, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?"

मला रडू आवरेना. "आणि मी लोकांसमोर म्हणत राहिले, पट्ट्याची कृपा. वाईट नाही वाटलं?"

"वाटायचं की. मग गाडीवर बसून पार माळबंगल्यापर्यंत जायचो. एकटाच. तिथं द्यायचो चार शिव्या." पुन्हा फसफस. "आता रडू नको, साखळी धर. आणि सन्मतीला यातलं काही बोलू नको. पट्ट्याच्या भरवशावर येतीय, येऊ दे."

मी साखळी धरली. पण ते मला पटत नव्हतं. इतकी वर्षं त्या माणसाच्या कष्टाचं श्रेय एका न चालणाऱ्या शब्दाला मिळत होतं, आणि ते पुढं चालू ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं. शिवाय मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पोरीला कधी सांगते असं झालं होतं.

तिला फोन करून सगळं सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "बघ गं, हे सगळं तुझ्या बाबांनी स्वतः केलंय!"



सन्मती म्हणाली, "म्हणजे तेव्हाही थांबता येत होतं त्यांना."

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले.

"आई, मला वाटायचं त्यांचा स्वभावच तसा, त्यांच्या हातात नाही. तसं समजून मी माफ केलं होतं. आता काय करू?"

"येतेस ना?"

"येतेय. पण विचारणार आहे त्यांना."

यांना सांगावंच लागलं. ऐकून हे थांबले, तोच क्षणभराचा थांबा. "बरोबर बोलली," म्हणाले आणि पाळण्याला दोरी बांधायला लागले.

शनिवारी मी नवा प्रोग्राम बांधला. 'सौम्य' हा शब्द ओळीतून काढला, खाली सही केली, पट्ट्यात घातला. एकही तक्रार न करता चालला.

रविवारी सकाळी गाडी आली. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. सन्मती उंबरठ्याबाहेरच उभी राहिली. एका हातात पिशवी, दुसरा पोटावर. हे आत, तिच्यासमोर.

"बाबा, मी त्या दिवशी ट्रे पाडला तेव्हा तुम्ही का नाही थांबलात?"

यांचा जबडा हलला. पट्ट्यातून काही आलं नाही. सवयीनं माझी नजर गळ्याकडं गेली. हिरवा दिवा चालू होता, पट्टा घट्ट बसला होता, मी स्वतःच कालच तपासला होता. बिघाड कुठंच नव्हता.

"थांबता येत होतं," अखेर पट्टा बोलला. सौद्यातला आवाज, पण शेवट चढला नाही. "बाजारात रोज थांबत होतो की. शेठ लोक उठून दुसऱ्या दुकानात जातील म्हणून. घरच्यांचं वाटायचं, घरचीच माणसं आहेत, जातात कुठं."

सन्मती त्यांच्याकडं बघत राहिली. यांनी मान खाली घातली नाही, ऐकून घ्यायच्या तयारीनं उभे राहिले. मग पिशवी घ्यायला हात पुढं केला.

तिनं चप्पल काढली आणि आत आली. पिशवी मात्र माझ्या हातात दिली.